शाळा नाकारणाऱ्यांचे दोन तट

आजची गोष्ट फेब्रुवारी १९९४ मधल्या एका आठवड्यापासून सुरू करू. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कार्यालयांत फोन थांबायचं नाव घेत नव्हते. देशभरातून आई-वडील फोन करत होते आणि सगळ्यांचं मागणं एकच होतं: आमच्या घरच्या शाळेला हात लावू नका.

कारण होतं 'एच. आर. ६' नावाचं विधेयक. शिक्षणाला मदत देणाऱ्या १९६५ च्या कायद्याला मुदतवाढ देण्यासाठी ते आणलं होतं. त्यात कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी एक दुरुस्ती घातली होती: शिक्षक जो विषय शिकवतो, त्या विषयाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असलं पाहिजे. त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी शाळा होत्या. पण 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' या संघटनेच्या वकिलांनी मजकूर वाचला आणि म्हटलं, उद्या कुणी याचा अर्थ असा लावला की घरी मुलांना शिकवणाऱ्या आईनंही प्रमाणपत्र दाखवावं, तर काय करायचं? निरोप गेला. फोन, फॅक्स, रेडिओ, आणि त्या काळी नुकत्याच घरात आलेल्या संगणकांवरून. २४ फेब्रुवारीला मतदान झालं. मिलर यांची अट ४२४ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली गेली. घरी शिकवणाऱ्यांना आणि खासगी शाळांना संरक्षण देणारी डिक आर्मी यांची दुरुस्तीही ३७४ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झाली.

एवढा मोठा विजय म्हटल्यावर सगळ्या होमस्कूलिंग कुटुंबांनी पेढे वाटायला हवे होते. तसं झालं नाही. त्यांच्यातल्याच एका गटानं विचारलं, 'तुम्हाला आमच्या वतीनं बोलायला कुणी सांगितलं होतं?' त्यांचं म्हणणं असं की धोका फुगवून सांगितला गेला. शिवाय, ज्या शब्दाचा केंद्रीय कायद्यात उल्लेखही नको होता, तो शब्द या संरक्षणाच्या निमित्तानं कायद्यात घुसला. आज सूट म्हणून आलेला शब्द उद्या नियम म्हणून परत येईल.

म्हणजे शत्रू एक, मागणी एक, आणि तरी दोन तट. हे कसं घडलं, हा आजचा विषय आहे.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. बोस्टनमध्ये जॉन होल्ट नावाचे एक शिक्षक होते. वर्गात बसलेली मुलं शिकण्याऐवजी घाबरायला आणि मास्तरांना हवं ते उत्तर हुडकायला शिकतात, हे त्यांनी स्वतःच्या वर्गात पाहिलं आणि १९६४ मध्ये त्यावर 'हाऊ चिल्ड्रेन फेल' हे पुस्तक लिहिलं. आधी शाळा सुधारतील अशी त्यांना आशा होती. ती मावळली, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' नावाची लहानशी पत्रिका काढली. तिचा मोठा भाग वाचकांच्या पत्रांनी भरलेला असे. कुणी लिहायचं, आमचा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता, मग एकदम वाचायला लागला. कुणी विचारायचं, शाळेचे अधिकारी दारात आले तर काय बोलायचं? पत्रिकेत वाचक कुटुंबांची यादीही छापली जायची, म्हणजे गावातलं आपल्यासारखं दुसरं घर सापडावं. आज ज्याला आपण ऑनलाइन ग्रुप म्हणतो, त्याचं हे कागदी रूप होतं.

या पत्रांत शेतावर राहायला गेलेले बंडखोर होते आणि बायबलवर निष्ठा असलेले कर्मठही होते. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट होती भीती. त्या काळी अनेक राज्यांत मुलाला शाळेत न पाठवणं म्हणजे कोर्टाची पायरी. १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका खटल्यात न्यायालयानं पालकांचा हा अधिकार मान्य केला, पण अशी प्रत्येक लढाई राज्याराज्यात वेगवेगळी लढावी लागत होती.

दुसरा प्रवाह रेमंड आणि डोरोथी मूर या दांपत्याचा. लहान मुलांना लवकर शाळेत घालू नका, हे त्यांनी १९७५ मध्ये 'बेटर लेट दॅन अर्ली' या पुस्तकात मांडलं. १९८० च्या आसपास जेम्स डॉब्सन यांच्या लोकप्रिय ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमातून मूर यांचं म्हणणं घराघरात पोचलं आणि चित्रच पालटलं. हजारो श्रद्धाळू कुटुंबं या वाटेवर आली. १९८३ मध्ये मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ या वकिलांनी वर सांगितलेली कायदेशीर संघटना काढली. १९८५ मध्ये होल्ट वारले. एक एक राज्य कायदे सैल करत गेलं आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला कायदेशीर वाट मिळाली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भीती ओसरली, तशी एकत्र राहायची गरजही ओसरली. अनेक राज्यांतल्या नव्या संघटनांनी पदाधिकाऱ्यांना, काही ठिकाणी सभासदांनाही, एका श्रद्धापत्रावर सही करायची अट घातली: आमचा अमुक अमुक गोष्टींवर विश्वास आहे. जो सही करणार नाही, तो व्यासपीठावर नाही. यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, ज्या मूर दांपत्यानं ही कुटुंबं या वाटेवर आणली, ते सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे होते. तेच आता पुरेसे 'आपले' उरले नाहीत. धर्माच्या नावानं माणसं बाहेर काढून तुम्ही या चळवळीची नासाडी करताय, असं निवेदन रेमंड मूर यांना १९९४ मध्ये काढावं लागलं. मिचेल स्टीव्हन्स या समाजशास्त्रज्ञानं पुढे २००१ मध्ये 'किंगडम ऑफ चिल्ड्रेन' या पुस्तकात या दोन तटांचा नीट अभ्यास मांडला. एकाला त्यानं श्रद्धावान म्हटलं, दुसऱ्याला सर्वसमावेशक. श्रद्धावानांकडे शिस्त होती, नेते होते, एका फोनवर हलणारी यंत्रणा होती. सर्वसमावेशकांना नेताच नको होता. प्रत्येकाचं मत ऐकल्याशिवाय त्यांचा ठराव होत नसे, आणि प्रत्येकाचं मत ऐकेपर्यंत मतदान होऊन गेलेलं असे. १९९४ च्या फेब्रुवारीत नेमकं हेच घडलं.

हे भांडण मग संगणकावर आलं. अमेरिका ऑनलाइन, प्रॉडिजी, कॉम्प्युसर्व्ह अशा सेवांवर होमस्कूलिंगचे कट्टे जमले. यूझनेट या जुन्या चर्चाव्यवस्थेत तर दोन वेगळे गटच होते. एकाच्या नावाच्या शेवटी 'ख्रिश्चन', दुसऱ्याच्या शेवटी 'मिस्क', म्हणजे किरकोळ, इतर. ज्यांची चळवळ होल्ट यांच्या पत्रिकेपासून चालत आली होती, ते आता नावापुरते 'इतर' झाले होते.

नवखी आई इथे यायची ती साधा प्रश्न घेऊन. सात वर्षांच्या मुलीला गणित कसं शिकवू? एका गटात तिला पाठ्यपुस्तकांची नावं मिळायची, वेळापत्रक मिळायचं, धीरही मिळायचा. दुसऱ्या गटात तिलाच प्रश्न विचारला जायचा: तिला आत्ताच गणित शिकवायची घाई कुणाला आहे? दोन्ही उत्तरं मनापासूनची असायची. पण गटाचा रंग ठरला की उत्तरही ठरून जातं. घरात खुर्ची-टेबल मांडून शाळा चालवणारे आणि मुलाच्या कलानं सगळं सोडणारे, हे 'अनस्कूलिंग'वाले, यांच्यात रोज खटके उडू लागले.

त्यातून पुढची फूट पडली. २००० मध्ये याहूनं ई-ग्रुप्स ही सेवा विकत घेतली, आणि ईमेलवरचा गट काढणं पाच मिनिटांचं काम झालं. मोकळ्या मैदानात भांडण झालं तर त्याच मैदानात राहावं लागतं. इथे रागावलेला माणूस उठून शेजारी नवं मैदान आखू शकत होता. मग अनस्कूलिंगवाल्यांतही तट पडले: गणित सोडून बाकी सगळं मुलावर सोपवणारे, आणि झोप, खाणं, टीव्हीसुद्धा मुलावर सोपवणारे. सँड्रा डॉड यांच्यासारख्या प्रसिद्ध अनस्कूलिंग लेखिकेनं आपल्या चर्चागटाचा नियमच सांगून ठेवला होता की इथे कल्पना तपासल्या जातील, नुसती पाठ थोपटली जाणार नाही. काहींना ते स्वच्छ वाटलं, काहींना कठोर. ज्यांना पाठीवर हात हवा होता, त्यांनी वेगळे गट शोधले.

या भांडणाला दोष देणं सोपं आहे, पण त्याचा फायदाही झाला, तो सांगायला हवा. एकच मोठी संघटना असती तर एकाच प्रकारचं होमस्कूलिंग उरलं असतं. तट पडत गेले म्हणून वेगवेगळ्या माणसांना जागा मिळाली. २००० मध्ये लुइझियानात कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. ती श्रद्धाळू होती, पण तिचं लक्ष कृष्णवर्णीय कुटुंबांवर होतं. आणि संख्या तर वाढतच गेली. सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये घरी शिकणारी मुलं सुमारे साडेआठ लाख होती, २००३ मध्ये ती ११ लाखांच्या आसपास पोचली.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते या सगळ्या वादांच्या तळाशी एकच प्रश्न होता: मुलांच्या वतीनं सरकारशी कोण बोलणार? श्रद्धावान म्हणत, आम्ही. सर्वसमावेशक म्हणत, कुणीच नाही, प्रत्येक आई-वडील स्वतः. वीस वर्षं दोन्ही बाजूंनी हजारो पानं लिहिली गेली. त्या पानांतून मुलं सतत दिसतात: वाचायला लागलेली, पदकं मिळवणारी, रुसलेली. पण ती क्वचितच बोलतात. बहुतेक वेळा त्यांच्याबद्दल बोललं जातं.

ती बोलली २०१३ मध्ये. घरी शिकून मोठ्या झालेल्या तरुणांनी 'होमस्कूलर्स ॲनॉनिमस' या नावानं आपले अनुभव लिहायला सुरुवात केली. काहींच्या वाट्याला एकटेपणा आला होता, काहींच्या वाट्याला मारहाण, काहींना शिक्षणच मिळालं नव्हतं. त्याच वर्षी अशाच माजी विद्यार्थ्यांनी 'कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन' ही संस्था काढली. होमस्कूलिंग बंद करा असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, मूल घरी शिकतंय याची नोंद तरी असू द्या, वर्षातून एकदा कुणीतरी त्याला बघू द्या. सरकारी नियमांच्या ज्या भीतीनं आई-वडिलांनी काँग्रेसचे फोन अडवले होते, तसे काही नियम आता त्यांच्यासारख्याच घरांत वाढलेली काही मुलं मागत होती. समाधानानं मोठी झालेली मुलंही पुष्कळ आहेत, आणि तीही बोलू लागली. पण तोवर 'मुलांना काय वाटतं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आई-वडीलच देत आले होते, ते दिवस संपले.

इतिहासाच्या अभ्यासकाला इथे आणखी एक खंत वाटते. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूनं जाहीर केलं की गटांवर साठलेला मजकूर काढून टाकला जाईल, आणि १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाच बंद झाली. काहींनी धडपडून काही वाचवलं. पण रात्री मुलं झोपल्यावर आयांनी लिहिलेले किती प्रश्न, किती कबुल्या, किती भांडणं पुसली गेली, त्याला मोजमाप नाही. होल्ट यांच्या पत्रिकेचे छापील अंक आजही वाचता येतात. कागद टिकला, पडदा टिकला नाही.

आता शेवटी आपल्याकडे येऊ. होल्ट यांची पुस्तकं आपल्याला परकी नाहीत. पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर ती कुणालाही मोफत वाचता येतात. पुणे, मुंबई, बंगळुरूत घरी शिकवणारी कुटुंबं आहेत, 'स्वशिक्षण' नावाचं त्यांचं देशपातळीवरचं संघटन आहे. आणि आपला प्रश्नही तसाच अर्धवट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगीही देत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देता येते, म्हणून वाट निघते. त्यामुळे आपल्याकडेही दोन मतं असणारच. एक म्हणेल, सरकारकडून स्पष्ट मान्यता घ्या. दुसरं म्हणेल, आवाज करू नका, लक्ष गेलं की नियम येतील. १९९४ चाच वाद, फक्त पत्ता वेगळा.

हा वाद वाईट नाही. आपल्या मुलांच्या गटात तो पेटला तर पेटू द्या. फक्त अमेरिकेनं उशिरा केलं ते आपण लवकर करू शकतो. चर्चेत एक खुर्ची मुलांसाठी ठेवू शकतो. बारा वर्षांच्या मुलीला विचारायला हरकत नाही, तुला हे चाललंय ते आवडतंय का? तिचं उत्तर कोणत्याच तटाला सोयीचं नसेल, याची तयारी मात्र ठेवावी लागेल.

आज इथेच थांबू. तुमच्या ओळखीत घरी शिकलेलं कुणी मोठं झालेलं असेल, तर त्यांचं म्हणणं आवर्जून ऐका.