पाटीवरची अक्षरं

दिवाळीत गोंदियाला गेलो होतो. घरात फराळापेक्षा जास्त चर्चा बाबांच्या हर्नियाची. काकांचं म्हणणं, ऑपरेशन नागपूरलाच करा. आईचं म्हणणं, इथेच करा, डबा कोण पोचवणार तिकडे? बाबांनी दोन सर्जनांच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीवर नावापुढे एम.एस., दुसरीवर डी.एन.बी., आणि त्यापुढे मालगाडीच्या डब्यांसारखी 'एफ'ने सुरू होणारी बरीच अक्षरं.

"तू इंजिनियर होय ना? यातून कापाले कोन शिकला, तेवढं सांग," बाबा म्हणाले.

आता खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं. शिवाय माझ्या स्वतःच्या रेझ्युमेवर दोन सर्टिफिकेशन्स आहेत. त्यातलं एक मी आदल्या रात्री प्रश्नोत्तरं पाठ करून मिळवलंय आणि त्या विषयातलं आज मला काहीही येत नाही. त्यामुळे नावापुढची अक्षरं दिसली की माझा विश्वास वाढायच्या ऐवजी कमीच होतो :-) पण इथे पोट बाबांचं होतं. पुण्याला परत आल्यावर तीन शनिवार-रविवार याच विषयावर वाचत बसलो. ही अक्षरं आली कुठून, त्यांच्यामागे नेमकं काय असतं, आणि ती नव्हती तेव्हा लोक काय करायचे?

सुरुवात पुण्यापासूनच करतो, कारण गोष्ट भारी आहे.

१७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून दिलं. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचं नाक करून मापाला लावून पाहिलं, ते मेण कपाळावर सपाट पसरून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. भुवयांच्या मधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहील. ती पट्टी पंचवीसेक दिवसांनी कापली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्यावर चित्रासकट पत्र छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने मुडद्यांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासाची पुस्तकं या प्रसंगाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

त्या पत्रात रुग्णाचं नाव आहे. करणाऱ्याचं नाही. फक्त एवढंच, की तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीचा होता. कुंभार म्हणा ना. ना पदवी, ना पाटी. आणि तरी लोक त्याच्यापुढे कपाळ धरत होते. का? माझा अंदाज असा, की त्या पंचक्रोशीत त्याने बसवलेली नाकं हिंडत होती. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं!

म्हणजे जुन्या काळी परवानगीची कल्पनाच नव्हती असं नाही. सुश्रुतसंहितेत विद्यार्थ्याने आधी कोहळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा असं सांगितलंय. पुढे वैद्यकी सुरू करण्यासाठी शास्त्र शिकणं, प्रत्यक्ष कर्म पाहणं, सराव करणं आणि राजाची अनुज्ञा मिळवणं या सगळ्या अटी आहेत. आजच्या भाषेत थिअरी, प्रॅक्टिकल आणि लायसन्स.

युरोपात मात्र गंमत होती. तिथे फिजिशियन म्हणजे विद्यापीठात शिकलेला, लॅटिन बोलणारा, रुग्णाला शक्यतो हात न लावणारा माणूस. कापाकापी करायची न्हाव्याने. १५०५ मध्ये एडिंबरोच्या न्हावी आणि सर्जन मंडळींना शहराकडून सनद मिळाली. तिच्यात अट होती की उमेदवाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, शरीररचना माहीत पाहिजे आणि जाणत्यांनी त्याची परीक्षा घेतली पाहिजे. शिकण्यासाठी वर्षाला एक प्रेत मिळायचं, तेही फाशी दिलेल्या गुन्हेगाराचं. लंडनमध्ये १५४० मध्ये न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी झाली. १७४५ मध्ये सर्जन वेगळे झाले, १८०० मध्ये त्यांचं रॉयल कॉलेज झालं, आणि १८४३ मध्ये त्या कॉलेजने फेलोशिप सुरू केली. हीच ती एफ.आर.सी.एस. विद्यापीठाची पदवी नसलेल्या सर्जनला पूर्वी 'डॉक्टर' म्हणत नसत, 'मिस्टर' म्हणत. ते इतकं अंगवळणी पडलं की आजही इंग्लंडमध्ये परीक्षा पास झालेला सर्जन 'डॉक्टर'चा पुन्हा अभिमानाने 'मिस्टर' होतो.

आता हे सगळं आपल्याकडे कसं आलं ते बघू. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले. त्यांच्या नावापुढे जी.जी.एम.सी. लागायचं, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. मराठी माणसाच्या नावापुढची ही वैद्यकीतली सगळ्यात जुनी अक्षरं असावीत. पण खरा शिक्का विलायतेचाच. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं ते लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या धर्तीवर. महाराष्ट्रातल्या तालुक्यांत एफ.सी.पी.एस. अशी जी पाटी दिसते ती या कॉलेजची.

तरीही सर्जनने बोटीने जायचं आणि एफ.आर.सी.एस. होऊन यायचं, हा रिवाज पुढे कित्येक वर्षं टिकला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचंच बघा. गोव्यातल्या शिरोड्याचे, शिक्षण ग्रँट मेडिकलमध्ये, १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. गर्भाशयाचं तोंड सैल असल्यामुळे ज्या बायकांचा गर्भ वारंवार पडतो त्यांच्यासाठी त्यांनी जो टाका शोधला, तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभर 'शिरोडकर स्टिच' म्हणून शिकवला जातो. शिक्का तिकडून आणला खरा, पण टाका इथून तिकडे गेला.

ज्याच्या हातात शिक्का असतो तो तो काढूनही घेऊ शकतो. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता थांबवली. त्या भांडणातूनच १९३३ चा कायदा आणि आपली मेडिकल कौन्सिल जन्माला आली. मग १९७५ मध्ये पुन्हा तेच. ब्रिटनने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढली आणि इथून जाणाऱ्या डॉक्टरांना परीक्षा लावली. योगायोग असा की त्याच १९७५ मध्ये युरोपियन समुदायाच्या नऊ देशांनी ठरवलं की एकमेकांचे डॉक्टर आणि स्पेशालिस्ट आपोआप मान्य करायचे. ब्रिटन त्या नवांत होतं. म्हणजे एका दाराला कडी घातली आणि दुसरं सताड उघडलं.

पण नऊ देशांच्या नऊ तऱ्हा, मग सर्जन कोणाला म्हणायचं? त्यांनी परीक्षा सारखी केली नाही. त्यांनी वर्षं सारखी केली. जनरल सर्जरीला कमीत कमी ५ वर्षांचं प्रशिक्षण, तेही मान्यताप्राप्त ठिकाणी, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. २००५ च्या युरोपियन निर्देशातही हा आकडा ५ च आहे. ते किमान आहे, देश जास्त ठेवू शकतात. जर्मनीत ६ वर्षं लागतात. युरोपियन बोर्डाची परीक्षा वेगळी असते, ती पास झालं की एफ.ई.बी.एस. लावता येतं, पण त्याने काम करायचा परवाना मिळत नाही. परवाना ज्या त्या देशाचा. आपल्याकडे एम.बी.बी.एस.नंतर एम.एस. किंवा डी.एन.बी.ला ३ वर्षं. या दोन्ही समान धरल्या जातात. बाबांच्या दोन चिठ्ठ्यांचा निकाल इथेच लागला होता. बरोबरी!

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. एफ.आर.सी.एस.च्या आजच्या परीक्षेत लेखी असतं, रुग्ण तपासणं असतं, तोंडी असते. परीक्षकासमोर पोट उघडून दाखवावं लागत नाही. आपल्या एम.एस.मध्येही लेखी, प्रबंध, लाँग केस, शॉर्ट केस, तोंडी. मग हाताची परीक्षा कोण घेतं? ती घेतात ती मधली वर्षं. किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती मदतनीस म्हणून केल्या, किती देखरेखीखाली स्वतः केल्या हे लॉगबुकात लिहायचं आणि त्यावर वरिष्ठाची सही घ्यायची. म्हणजे फिरून आपण न्हाव्यांच्या कंपनीपाशीच आलो की! उमेदवारी करा, उस्ताद बघेल, उस्ताद सांगेल. परीक्षा डोक्याची, वर्षं हाताची. आणि नावापुढची अक्षरं म्हणजे 'याला कापताना कुणीतरी जवळून पाहिलंय' अशी अनोळखी माणसाला दिलेली पावती. कुंभाराला ती लागत नव्हती कारण त्याचे रुग्ण त्याच्या ओळखीतले होते. आपण सगळे एकमेकांना अनोळखी झालो म्हणून कागद आला.

ही पावती जन्मभर चालते का? नाही. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची चौकशी झाली, तिचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं, तशाच इतर रुग्णालयांशी तुलना करता, जास्त दगावली होती. तिथल्या सर्जनांच्या पदव्यांत काहीच खोट नव्हती. पदवी मिळाल्यानंतर कुणी मोजत नव्हतं, ही खोट होती. ब्रिटनने २०१२ पासून डॉक्टरांना परवाना ठरावीक काळाने पुन्हा सिद्ध करायला लावलाय. महाराष्ट्रातही नोंदणीच्या नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. पण ते व्याख्यानांना बसून मिळतात. बसण्यावर मिळालेल्या प्रमाणपत्राची किंमत मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो, पण जाऊ द्या.

इथपर्यंत वाचून वाटेल की अटी जितक्या कडक तितकं बरं. मलाही वाटलं होतं. पण मग एल.एम.पी. डॉक्टरांचा इतिहास वाचला आणि जरा थांबलो.

आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं. तिथे पूर्ण पदवी नव्हती, कमी मुदतीची एल.एम.पी. ही पदविका होती. देशभर असे लायसेन्शिएट तयार होत. १९४६ मध्ये भोर समितीने डॉक्टर मोजले तेव्हा नोंदलेले एकूण ४७,५२४ होते. त्यातले पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०! म्हणजे देशाचा बराचसा गाडा हेच लोक ओढत होते. समितीने सांगितलं, दुय्यम डॉक्टर नकोत, सगळीकडे एकच दर्जा, एकच पदवी. हेतू चांगलाच होता. गावातल्या माणसाने कमी शिकलेला डॉक्टर का पत्करावा? नागपूरला १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज झालं, पदविकेची शाळा मागे पडली. पण दर्जा एक झाला म्हणून पदवीधर सालेकसा किंवा देवरीला जाऊन राहिला नाही. कुंपण उंच करणाऱ्याने एक विचारायला हवं, की आतले सुरक्षित झाले हे ठीक, पण बाहेर कोण राहिलं?

आमच्या लहानपणी याचं उत्तर म्हणजे नागपूरची गाडी. गोंदिया ते नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. अपेंडिक्स, मोडलेलं हाड, अडलेली बाई, सगळ्यांचा पत्ता तोच. जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते २०१६ मध्ये. मी कॉलेजची बातमी वाचली तेव्हा 'चला, डॉक्टर मिळतील' एवढंच डोक्यात आलं होतं. आता वाटतं, खरी गोष्ट वेगळी आहे. जिथे शिकवणारा आणि शिकणारा एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहतात, तिथेच हात तयार होतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतील असा नियम २०२० मध्ये झाला, तोही मला याच कारणासाठी पटतो. अट तीच ठेवायची, पण ती पूर्ण करण्याची जागा गावाच्या जवळ आणायची.

असो. बाबांचं काय झालं ते सांगतो. फोनवर मी त्यांना एवढंच सांगितलं, "बाबा, दोन्ही अक्षरं सारखीच. तुम्ही डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

बाबा लाजले असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं. डॉक्टर आधी हसले म्हणे. मग खुर्ची ओढून बसले आणि आपल्या सरांबद्दल पंधरा मिनिटं बोलत राहिले. सर समोर उभे राहायचे, एक टाका चुकला की सगळे काढून पुन्हा घालायला लावायचे, आणि एकदा तर रात्री दोनला एका टाक्यासाठी झोपेतून उठून आले होते वगैरे.

"मंग?" मी विचारलं. (गोंदियाला फोन लावला की माझीही भाषा बदलते.)

"मंग काय? इथंच करतो," बाबा म्हणाले. "त्याले आपला मास्तर आठवते."

ऑपरेशन गोंदियालाच झालं. आईचा डबा वेळेवर पोचला. बाबा आता रेलटोलीपर्यंत पायी जाऊन येतात. आणि मी रेझ्युमेवरचं ते एक सर्टिफिकेशन काढून टाकलंय.