चौकटीतील आडवी दांडी : घरगुती व्यायामसाधनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचा इतिहास प्रामुख्याने आखाडे, वस्ताद आणि कुस्त्यांचे फड यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. व्यायाम करणाऱ्याचा भार शेवटी कशावर पडतो, जमिनीवर, तुळईवर की भिंतीवर, हा प्रश्न त्यात तुलनेने दुय्यम राहिला. तथापि दाराच्या चौकटीत बसविण्याच्या पुलअप दांडीची निवड करताना नेमका हाच प्रश्न निर्णायक ठरतो. ही दांडी आता बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातही घरपोच मागविता येते, आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने ही खरेदी किरकोळ नाही. सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीत बीमवरील दहा पुलअप्सना 40, नऊला 33, आठला 27, सातला 21 आणि सहाला 16 गुण अशी पद्धत रूढ झाली. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निवीर भरतीनेही ती स्वीकारली. सहा आणि दहा यांत चारच पुलअप्सचे, परंतु 24 गुणांचे अंतर आहे.

जमिनीने पेललेला भार

दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येस नवे रूप दिले, असे व्यायामपरंपरा मानते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान आणि वणीच्या सप्तशृंगी गडावरील उपासना ही या कथेची अंगे आख्यायिका म्हणूनच घेणे इष्ट. साधन मात्र आख्यायिकेतील नव्हे. सागवान वा शिसव यांचा, वर निमुळता होत जाणारा आणि एरंडेल चोळलेला खांब जमिनीत खोल पुरला जातो व मल्लाचा भार सरळ मातीत उतरतो. टांगत्या मल्लखांबास आणि वेताच्या मल्लखांबास भक्कम तुळई लागते. पुढे वेताची जागा दोराने घेतली. तिन्ही प्रकारांत हातांनी शरीर वर खेचणे अटळ आहे.

वऱ्हाडात या परंपरेस संस्थात्मक रूप देण्याचे मोठे कार्य अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केले. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. फ्रीडरिश लुडविग यान याने 1811 मध्ये हासेनहाइडे येथे उघडलेले खुले व्यायाममैदान याच बर्लिनमधील. आपण ज्यास सिंगल बार आणि डबल बार म्हणतो त्या साधनांचा प्रसार यानच्या परंपरेतून झाला. पुरलेला खांब आणि आडवी दांडी या दोन परंपरा तेथे एका शहरात आल्या असे म्हणता येईल. अर्थात यानची दांडीही मैदानात रोवलेल्या खांबांवरच होती. ती घराच्या दारात यावी अशी तिची मूळ कल्पना नव्हती.

घरातील व्यायाम आणि त्यातील उणीव

घरच्या घरी व्यायाम ही कल्पना मात्र नवी नाही. लाइपझिगच्या श्रेबर या वैद्याचा खोलीतील साधनविरहित व्यायामावरील ग्रंथ 1855 चा आहे. युजीन सँडोने 1904-05 मध्ये भारताचा दौरा केला आणि त्याच्या पद्धतीचे आकर्षण येथील सुशिक्षितांतही निर्माण झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आरंभी सँडोची पद्धत अनुसरली आणि पुढे सूर्यनमस्काराचा हिरिरीने पुरस्कार केला. नमस्कारास सतरंजीएवढी जागा पुरते, खर्च शून्य, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही करता येतो; त्याचा घरोघर प्रसार होण्यास हे पुरेसे होते.

परंतु जोर, बैठका आणि नमस्कार या तिन्हींत शरीर जमिनीपासून दूर ढकलले जाते. ते वर खेचले जात नाही. पाठीचे रुंद स्नायू आणि दंडाचा पुढील भाग यांना ओढण्याचे काम मल्लखांब, दोर आणि कुस्तीतील झोंबी देत असे. आखाडा सुटला आणि घरात केवळ नमस्कार उरला, तेव्हा व्यायामाचा हा अर्धा भाग निसटला. चौकटीतील दांडी ही पाश्चात्त्य हौस म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी ही उणीव ध्यानात घ्यावयास हवी.

चौकट आणि दांडीची निवड

जुन्या माळवदी घरात छताचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असे. तुळईच्या कडीला पाळणा वा झोपाळा निःशंक टांगला जाई. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात अशी तुळई नाही. उरते ती दाराची चौकट, आणि ती दार पेलण्यासाठी बसविलेली असते, माणूस पेलण्यासाठी नव्हे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. चौकटीवर अडकविण्याच्या दांडीचा मागील आडवा भाग दारावरच्या पुढे आलेल्या लाकडी पट्टीवर टेकतो व पुढील भाग चौकटीस दाबून धरतो. अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांत अशी पट्टी सर्रास असते. आपल्याकडे गिलावा बहुधा चौकटीच्या पातळीत आणलेला असतो. टेकण्यास काठच मिळत नाही. वस्तू चांगली असूनही घराशी जुळत नाही, ती अशी.

दुसरा प्रकार आट्यांनी लांब करून दोन्ही बाहींमध्ये ताणून बसविण्याचा. येथे संपूर्ण भार घर्षणावर असतो. 70 किलोच्या व्यक्तीचा भार दोन टोकांत विभागला तर प्रत्येकी 35 किलो. घर्षण गुणांक 0.5 धरल्यास प्रत्येक बाहीवर सुमारे 70 किलो भाराइतका आडवा दाब सतत ठेवावा लागतो, आणि झटका बसताच तोही अपुरा पडतो. चार इंची विटेच्या आडभिंतीतील चौकट अशा दाबाने होल्डफास्टपासून सैल होऊ शकते. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या चौकटीत तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

तिसरा प्रकार, म्हणजे भक्कम सागवानी चौकटीत स्क्रूने पक्के केलेल्या दोन कंसांवर ठेवलेली दांडी, त्यातल्या त्यात विश्वासार्ह होय. चौकटीस भोके पडतात, ही तक्रार घरातील वडीलधारे करणारच. भाड्याच्या घरात घरमालकही करील.

तरीही सात फुटांच्या दारात उंचीचा प्रश्न उरतोच. साडेपाच फुटांच्या तरुणालाही तेथे गुडघे दुमडून लोंबावे लागते. भरतीच्या मैदानावर पाय मोकळे सुटतात, शरीर झुलू लागते आणि दारात साधलेला तोल तेथे उपयोगी पडतोच असे नाही. ज्याच्या घरामागे मोकळी जागा आहे, त्याने चौकटीवर खर्च करण्यापूर्वी गावातील वेल्डिंगवाल्याकडे चौकशी करावी. दोन लोखंडी खांब खड्ड्यात काँक्रीटने पक्के करून त्यांवर एक इंची जीआय पाइप आडवा जोडता येतो. त्याचा बाहेरील व्यास सुमारे 33 मिलिमीटर भरतो. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय दांडीच्या 28 मिलिमीटरपेक्षा तो थोडा जाड असला तरी मुठीत नीट बसतो. दांडी जमिनीपासून आठ फुटांवर घेतली तर हात वर करून उडी मारावी लागते, पाय सरळ सुटतात, आणि भार पुरलेल्या मल्लखांबाप्रमाणे मातीत उतरतो.