कर्जबाजारी कुळाचा वकील

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘वकील’ हा शब्द पदोपदीं येतो. परंतु त्याचा अर्थ आज आपण समजतों तो नव्हे. पेशव्यांचा वकील म्हणजे परदरबारीं राहून धन्याचें राजकारण संभाळणारा मनुष्य. न्यायाच्या कामीं पक्षकाराच्या वतीनें बोलणारा धंदेवाईक मध्यस्थ आपल्याकडे नव्हता. गोतसभेपुढें किंवा पंचायतीपुढें अग्रवादी व पश्चिमवादी आपापली हकीकत स्वतः मांडीत आणि राजीनामा व जामीनकतबा देऊन निवाडा मानण्याचें कबूल करीत. कर्जाच्या बाबतींत तर पंचायतीपर्यंत जाण्यापूर्वींच धनको तकाजा लावी. ऋणकोच्या दाराशीं धरणें धरण्यापर्यंत त्याची मजल जाई. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें इ. स. १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायत व तकाजा ह्या दोहोंचेंही वर्णन केलेलें आहे. ह्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. तथापि धनको व ऋणको दोघेही एकाच भाषेंत, ओळखीच्या माणसांपुढें बोलत, एवढी गोष्ट खरी.

पुढें इंग्रजी अमलांत ही स्थिति पालटली. कर्जबाजारी मनुष्याला जाणता वकील मिळतो कीं नाहीं, ह्यावर त्याची जमीन राहणें किंवा जाणें अवलंबूं लागलें. हा पालट कसा झाला व त्यावर सरकारनें योजिलेला उपाय कितपत योग्य होता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

इ. स. १८२७ च्या कायद्यांनीं मुंबई इलाख्यांतील दिवाणी अदालतींची व्यवस्था लागली व सनदी वकिलांचा वर्ग त्यांत रीतसर बसला. त्याच सालच्या पांचव्या कायद्यानें व्याजाची मर्यादा दरसाल दरशेंकडा १२ ठरविली होती. ती १८५५ च्या २८ व्या कायद्यानें उठली. नंतर १८५९ सालीं दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकानें दिवाणी कामाची रीत बांधून दिली. दुसऱ्यानें साध्या कर्जरोख्यावरील फिर्यादीची मुदत तीन वर्षांवर आणिली. मुदत आंखडली म्हणजे कुळाचें जुनें कर्ज लौकर बुडेल, असें वाटणें साहजिक होतें. प्रत्यक्षांत उलट झालें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवा रोखा मागे. थकलेलें व्याज मुदलांत मिळे. आणि कुळ पुनः अंगठा करी. अशा दोन-तीन रोख्यांनंतर मूळ रक्कम किती व वाढ किती हें कुळाला सांगतां येत नसे, आणि अदालत तर शेवटचा रोखा तेवढा पाही.

फिर्याद झाली म्हणजे कुळाची खरी अडचण सुरू होई. सावकार अदालतींत वारंवार येणारा. वकील त्याच्या ओळखीचा, कारकुनाचा स्वभाव त्याला ठाऊक, समन्स बजावणारा शिपाई त्याच्या परिचयाचा. कुळ मात्र आयुष्यांत एकदां किंवा दोनदां अदालतीची पायरी चढणार. पेरणीच्या दिवसांत अनेक कोस चालत जावें, वकिलाला पैसे द्यावे, ते पुनः त्याच सावकाराकडून काढावे, ह्यापेक्षां घरीं बसणें त्याला सोपें वाटे. म्हणून शेतकऱ्यांविरुद्ध होणारे बहुतेक हुकूमनामे एकतर्फी असत.

ह्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्यांच्याविरुद्ध सुमारें १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर हात घातला, आणि गांवानें सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा झाला व तो पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख कशावर होता हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं शोध केला तो रोख्यांचा व हुकूमनाम्यांचा. ते हातीं लागले कीं जाळले. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं व ज्याला उत्तर देणारा कोणी आपल्या बाजूस नाहीं, त्या कागदावर हा राग होता.

ह्याच सुमारास मुंबई शहरांत बुडालेल्या मनुष्याची काय व्यवस्था होती, हें पाहिलें म्हणजे भेद स्पष्ट होतो. शहरासाठीं १८४८ पासून नादारीचा स्वतंत्र कायदा व स्वतंत्र न्यायालय होतें. आपली मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून धनकोंच्या तगाद्यांतून सुटण्याची वाट तेथें मोकळी होती, आणि ती दाखविणारे निष्णात सॉलिसिटर व बॅरिस्टर शहरांत होते. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले. १ जुलै ही वायद्याचे सौदे पुरे करण्याची तारीख येतांच मोठमोठ्या पेढ्या बसल्या. तेव्हां त्या व्यवहारांचा उलगडा लौकर व्हावा म्हणून त्याच वर्षीं २८ वा कायदा करण्यांत आला. व्यापाऱ्यासाठीं कायदा त्याच वर्षीं झाला; कुणब्याला तो मिळण्यास दंगा व्हावा लागला, आणि दंग्यानंतरही चार वर्षें जावीं लागलीं.

हा कायदा म्हणजे १८७९ चा १७ वा, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास अटक करण्याची चाल त्यानें बंद केली. खास गहाण दिली नसेल तर जमिनीची जप्ती व विक्री होऊं नये असें ठरविलें. पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करून नादार ठरवून घेण्याची मुभा दिली; नादाराची जमीन सात वर्षेंपर्यंत कलेक्टरच्या ताब्यांत ठेवून तिच्या उत्पन्नांतून देणें भागविण्याची तजवीजही केली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें ह्या कायद्याचीं ६८ व ६९ हीं कलमें विशेष महत्त्वाचीं आहेत. सलोखा करणारे पंच, गांवमुनसफ आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांपुरते दुय्यम न्यायाधीश ह्यांच्यापुढें वकिलानें किंवा मुखत्यारानें सामान्यतः उभें राहूं नये, असें ६८ वें कलम सांगतें. मात्र योग्य कारण दाखविल्यास पक्षकाराच्या वतीनें त्याचा नातलग, नोकर किंवा आश्रित चालेल. ६९ वें कलम ह्याच्या उलट दिशेचें आहे. समोरच्या पक्षानें वकील दिला असेल आणि शेतकऱ्यास तसें साहाय्य मिळविण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीनें न्यायाधीशानें सरकारी वकिलास किंवा दुसऱ्या योग्य व राजी मनुष्यास त्याच्या बाजूनें उभें करावें.

दोन लागोपाठचीं कलमें, आणि त्यांच्या मुळाशीं दोन परस्परविरुद्ध विचार. पहिल्याच्या मतें वकील हेंच दुखणें. दुसऱ्याच्या मतें वकील नसणें हें दुखणें.

पहिल्या विचारास आधार नव्हता असें नाहीं. ज्योतीराव फुले ह्यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत अदालतींतील कामगार व वकील शेतकऱ्यास कसे नागवितात ह्याचें कडक वर्णन आहे, आणि तें अनुभवावांचून लिहिलेलें नाहीं. परंतु वकीलवर्ग सर्वच तसा होता असेंही म्हणतां येत नाहीं. सार्वजनिक सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी हे वकीलच होते; ज्या सालीं हा कायदा झाला त्याच सालीं वासुदेव बळवंत फडक्यांचें वकीलपत्र घेण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. म्हणजे वाईट वकिलावरचा उपाय चांगला वकील हा होता, आणि तो त्या काळीं अगदींच दुर्मिळ नव्हता.

वकिलास दूर केल्यावर त्याचें काम कोणावर पडलें? तें न्यायाधीशावर पडलें. प्रतिवादीस बोलावून त्याची तपासणी करावी, शेवटच्या रोख्यावर न थांबतां व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब पाहावा, व्याज व मुद्दल वेगळें करावें, असें ह्या कायद्याच्या १२ व्या व आसपासच्या कलमांत आहे. जाणता वकील कुळासाठीं पहिल्या दिवशीं जें करील, तेंच हें. अपील काढून टाकून त्याऐवजीं खास न्यायाधीशाची देखरेख ठेविली होती. महादेव गोविंद रानडे ह्यांनीं १८८१ पासून ह्या कामांत साहाय्य केलें आणि पुढें हायकोर्टांत जाईपर्यंत, म्हणजे १८९३ पर्यंत, तें खास न्यायाधीश म्हणून पाहिलें. अशा मनुष्याच्या नजरेखालीं कुळाची बाजू अनाथ राहत नसे. परंतु प्रत्येक तालुक्याला रानडे मिळत नसतात.

जेथें न्यायाधीशाची नजर पोंचत नव्हती तेथें उणीव उघडी पडे. सलोख्याच्या पंचापुढें झालेला करार अदालतींत दाखल झाला कीं त्याला हुकूमनाम्याचें बळ येई. तेथें वकिलास मज्जाव. परंतु सावकाराला वकिलाची गरज नव्हती, कारण अनेक दाव्यांच्या अनुभवानें तो स्वतःच अर्धा वकील झालेला असे, आणि नोकर म्हणून पाठविण्यास त्याच्यापाशीं मुनीम असे. कुणब्याने कोणता नोकर पाठवावा? लहान कुळांचे पुष्कळसे दावे शंभर रुपयांच्या आंतले. म्हणजे ६९ व्या कलमाचा हात ज्यांना सर्वांत अधिक हवा, त्यांच्यापर्यंत तो सहसा जाईना.

नादारीच्या प्रकरणाचेंही तेंच झालें. त्याचा आश्रय फारच थोड्या शेतकऱ्यांनीं घेतला. पुढील सालीं बियाण्यासाठीं पुनः सावकाराकडेच जावयाचें, ही भीति त्याच्या मुळाशीं असावी. पण त्याबरोबर दुसरेंही एक कारण संभवतें. नादारीचा अर्ज म्हणजे आपल्या सर्व धनकोंची व मालमत्तेची यादी देऊन त्यांच्या हरकतींस तोंड देणें. रोखा वाचतां न येणाऱ्यास हें एकट्यानें करावयास सांगणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यास नदीचा उतार दाखवून निघून जाणें होय.

पुढें हा कायदा इलाख्यांत इतरत्रही लागू झाला आणि १९४७ च्या मुंबई शेतकरी ऋणकोंच्या कायद्यानें तो रद्द होईपर्यंत चालला. निर्धनास सरकारनें वकील द्यावा हें तत्त्व १९७६ सालीं राज्यघटनेच्या ३९-अ ह्या अनुच्छेदानें मान्य केलें व १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानें त्याला व्यवस्था मिळाली. त्या तत्त्वाचें एक जुनें बीज १८७९ च्या ६९ व्या कलमांत होतें, परंतु शेजारच्याच ६८ व्या कलमाची सावली त्यावर पडली. सुप्याच्या दंग्यापासून निघणारा निष्कर्ष एवढाच कीं, बुडत्या मनुष्यास कायद्याची वाट ठेवणें पुरेसें नाहीं. त्या वाटेनें पूर्वीं गेलेला वाटाड्याही त्याच्याबरोबर द्यावा लागतो.