दप्तरदाराची लायकी

नागपुरात महालातून जाताना आपण चिटणीस पार्कचे नाव सहज घेतो. पण त्या नावात जुन्या मराठी दरबारातला एक हुद्दा दडलेला आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. चिटणिसाने पत्रव्यवहार पाहावा, फडणिसाने हिशेब पाहावा आणि दप्तरदाराने दप्तर राखावे, अशी त्या राज्यकारभारातील वाटणी होती. मोडी अक्षर व हिशेब आल्यावाचून या कामात पाऊल ठेवता येत नसे. कागद लिहिला, रुमालात बांधला. पण मागताक्षणी तो हाती आला पाहिजे, ही खरी परीक्षा.

ती परीक्षा किती कठोर असते हे मुंबई इलाख्याने १८५२ नंतर अनुभवले. त्या सालच्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना हक्काचे पुरावे पुढे करावे लागले. सनद न सापडल्यामुळे अनेकांवर इनाम गमावण्याची पाळी आली. सनद वाळवीने खाल्ली काय आणि भलत्याच रुमालात गेली काय, फळ एकच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण गेले. त्याच साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र पुढे आणले. त्यात तबकड्या ५० आणि अक्षरे मावत ५० लाख. रुमालाची जागा तबकडीने घेण्यास तेथून आरंभ झाला. आज नागपुरात मिहानमध्ये संगणक कंपन्या आहेत आणि येथील कित्येक तरुणांना 'स्टोरेज इंजिनिअर' व्हावयाचे आहे.

या नव्या उमेदवाराला बहुधा संगणकशास्त्राची पदवी किंवा पदविका लागते. लिनक्स, नेटवर्क, सॅन व नॅस या साठवणीच्या पद्धती आणि थोडे प्रोग्रॅमिंग त्याला यावे लागते. १९८८ साली बर्कलेच्या तिघा संशोधकांनी मांडलेली 'रेड' पद्धतही कळावी लागते. तिच्या बहुतेक प्रकारांत एक तबकडी बिघडली तरी उरलेल्यांवरून मजकूर पुन्हा उभा करता येतो. नवशिका फसतो तो येथेच. चुकून मजकूर पुसण्याचा हुकूम दिला, तर 'रेड' तो हुकूमही इमानाने पाळते! म्हणून दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी आणि तिच्यावरून मजकूर खरोखर परत येतो की नाही, हे वेळोवेळी पाहावे.

प्रमाणपत्राने नोकरीचे दार उघडेल, पण ही तपासणीची सवय अंगी नसेल तर दप्तर राखले जाणार नाही, असे आम्हांस वाटते. आज सातबारासुद्धा संगणकात आहे. विदर्भातला शेतकरी आपला उतारा मागावयास येईल, तेव्हा तो त्याच्या हाती पडला पाहिजे.