दर्या आणि दऱ्या : मुंबईच्या मुद्रणातील एका अर्ध्या रकाराविषयी

मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिला फारसीतून आलेला, समुद्रवाचक; दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील अंतर तर पंगतीस बसलेल्या कोणासही ठाऊक असते. रेफाच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो. आडव्या अर्ध्या रकाराच्या आधी तो येत नाही. संस्कृतास या दुसऱ्या चिन्हाची गरज नाही, हिंदीसही नाही. त्यामुळे मराठीसाठी देवनागरीचा संच सिद्ध करणाऱ्यास ते मुद्दाम घडवावे लागते. आणि ते राहून गेले, तर मराठीबाहेरील कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ मध्ये मराठी मुद्रणास प्रारंभ केला, तो कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांवर. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे नवे साचे तयार केले. तेथेच लहानपणी खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याच्या अक्षरांची कीर्ती सर्वश्रुत आहे. तीत राणूजी रावजी आरू यांच्या कोरीव कामाचा वाटा मोठा होता.

हातजुळणीत रेफ ओळीच्या माथ्यावर बसे, आडवा रकार ओळीतच, पुढील व्यंजनाला चिकटून. खिळे दोन, पेटीतील खणही दोन. कोणत्या खणात हात घालावयाचा, हे जुळाऱ्याचा कान ठरवी. गिरगावातील छापखान्यांत, खटाववाडीतील मौज प्रिंटिंग ब्यूरोपासून गल्लीतल्या ट्रेडलपर्यंत, हा कान गृहीत धरलेला असे. मराठी न जाणणाऱ्या जुळाऱ्याचे मुद्रित तपासण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

यंत्रजुळणी आली तेव्हा खिळ्यांची संख्या हाच प्रश्न झाला. लायनोटाइपच्या एका मॅगझिनात ९० मार्ग. देवनागरीची जोडाक्षरे शेकडो. लिपिसुधारणेचा पुष्कळसा वाद याच अडचणीभोवती फिरला. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकाने प्रत्यक्षात वापरून पाहिली, हे प्रसिद्धच आहे. माझ्या मते प्रश्न ‘किती खिळे कमी करता येतील’ असा नव्हे, तर ‘कोणता खिळा काढल्यास शब्दाचा अर्थ बदलतो’ असा मांडावयास हवा होता.

हाच प्रश्न संगणकावर अधिक बिकट रूपाने उभा राहिला. प्रारंभीच्या मराठी फॉन्टांत प्रत्येक विक्रेत्याचे क्रमांक वेगळे. एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्यात नेला की अक्षरांची दैना होई. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीतील ‘ॲ’ची उणीव २००८ मध्ये भरून निघाली, त्या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळाले. आडव्या रकारास मात्र ते आजही नाही. तो ‘ऱ’ या अक्षरास हलन्त जोडून लिहावा, असा नियम आहे; आणि हा ‘ऱ’ द्राविडी भाषांतील वर्त्स्य रकाराच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला! ‘दरी’तील र साधा, मग ‘दऱ्या’तील र द्राविडी कोठून झाला? व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही व्यवस्था निराधार आहे. सोय म्हणून ती मी स्वीकारतो.

कारण दुसरा पर्याय अधिक धोक्याचा आहे. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही तीच आकृती उमटते. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण एका क्रमाने शोधलेला शब्द दुसऱ्या क्रमाने लिहिलेल्या मजकुरात सापडेलच असे नाही. शिवाय मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेताना अदृश्य चिन्ह गळाले, तर आडव्या रकाराचा रेफ होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत दर्या शिरतो.

वऱ्हाडी बोलीचा शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने यादी लावण्यापूर्वी हे दोन्ही क्रम एक करून घ्यावेत. नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली, तर ‘वऱ्हाड’ हा शब्द तीत दोन ठिकाणी आढळेल, आणि दोन्ही ठिकाणी तो अगदी सारखाच दिसेल.