आपट्याऐवजी टेंभुर्णी : मध्य प्रांताच्या जंगलात सापडलेला पानाचा पर्याय

२०१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील मॅक्लेलँड ही पाइपची तंबाखू तयार करणारी कंपनी बंद झाली. तिच्या गडद व्हर्जिनिया तंबाखूचे शौकीन आजही पर्यायाच्या शोधात आहेत. व्हर्जिनियाचे पान प्रथम उष्ण हवेच्या कोठारात पिवळे होईपर्यंत वाळवतात. त्याला पुढे पुन्हा आच दिली की ते काळपट होते, धुराचा तिखटपणा उतरतो आणि गोडी मुरल्यासारखी लागते. ही शेवटची आच प्रत्येक कारखान्याची निराळी. बियाणे तेच, पान तेच, तरी चव तीच येत नाही.

आपल्याकडेही काळ्या, गोडसर तंबाखूची परंपरा जुनी आहे. हुक्क्यासाठी तंबाखू गुळाबरोबर मळून जो लगदा करीत, त्याला गुडाखू म्हणत. परंतु हुक्का बैठकीचा. शेतावर, खडी फोडताना किंवा रेल्वेच्या भरावावर तो कोण नेणार? कष्टकऱ्याला खिशात मावेल असा धूर हवा होता, आणि त्यासाठी लागत होते तंबाखू गुंडाळायला एक पान.

गुजरातेत खेडा आणि पंचमहाल भागांत हे पान आपट्याचे होते. दसऱ्याला आपण ज्याला सोने म्हणून लुटतो, तोच हा आपटा. मग १८९९ चा दुष्काळ आला. गुजरातच्या स्मरणात तो 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून राहिला, कारण विक्रम संवत १९५६ चालू होते. गुजरातेतील अनेक कुटुंबे पोटासाठी मध्य प्रांताकडे निघाली. तेथे बंगाल-नागपूर रेल्वेची कामे चालली होती. या माणसांच्या गाठीशी तंबाखूची जाण होती, सवयीचे पान मात्र मागे राहिले होते.

या दुष्काळाने वऱ्हाडालाही सोडले नाही. आजचा वाशीम तेव्हा 'बासीम' या नावाने स्वतंत्र जिल्हा होता आणि त्यात बासीम, मंगरूळ व पुसद असे तीन तालुके होते. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांची घट! पुढे १९०५ मध्ये हा जिल्हाच मोडला गेला. बासीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. वाशीमला जिल्ह्याचा दर्जा परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

मध्य प्रांतात आलेल्या गुजराती मंडळींना रानोमाळ एक झाड दिसले. त्याला विदर्भात टेंभुर्णी म्हणतात, व्यापारात तेंदू. मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास पटेल यांनी हे पान बिडीसाठी हेरले व विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे धंदा उभा केला, असे या व्यवसायाचा इतिहास सांगतो. चवीचे साम्य हे या निवडीमागचे कारण नव्हते. आपट्याचे पान लहान आणि मधोमध दुभंगलेले असते. टेंभुर्णीचे पान त्याहून मोठे, त्याच्या शिरा बारीक. वाळवून साठवता येते, भिजवले की पुन्हा मऊ पडते, वळताना फाटत नाही आणि जळताना स्वतःचा उग्र वास मिसळत नाही. पर्याय चवीवर नव्हे, पानाच्या गुणांवर ठरला. जीभ मागाहून रुळली.

आणि मग राजकारण आले. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर विलायती सिगारेटही बहिष्काराच्या यादीत गेली. वऱ्हाडात टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे ही हवा जोरात होती. सुशिक्षितांनी आजवर मजुराची मानलेली बिडी ओठांना लावली ती या काळात, आणि १९२० च्या असहकारात पुन्हा एकदा. (स्वदेशी धूर फुप्फुसांना परदेशी धुराइतकाच घातक असतो, याची चर्चा तेव्हा फारशी नव्हती.) पर्याय शोधण्याची ही वृत्ती वऱ्हाडात पुढेही दिसते. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह करायचा तर समुद्र कुठे आहे? अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ काढले गेले.

त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागात जंगल सत्याग्रह केला. पुसद, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत बासीम जिल्ह्याचाच तालुका. सरकारी जंगलातील गवत विनापरवाना कापणे एवढाच तो कायदेभंग होता. पण त्यामागचा प्रश्न गवतापुरता नव्हता. रानात उगवते ते कोणाचे? ज्या पानावर एक संपूर्ण धंदा उभा राहत होता, तेही त्याच राखीव जंगलातले होते.

या पानाच्या मागे राबणारे हात मात्र इतिहासात क्वचितच दिसतात. उन्हाळ्याआधी झुडपे छाटली जातात, कोवळी पालवी फुटते आणि मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून तोडणी चालते. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा बांधतात, तो उन्हात वाळवतात. पुढे घराच्या ओसरीवर बाया भिजलेले पान साच्याच्या मापाने कात्रीने कापतात, तंबाखू भरून वळतात, दोरा बांधतात, आणि शेवटी कारखान्यात या बिड्याही भट्टीवर शेकल्या जातात. मजुरी हजार बिड्यांमागे. स्वदेशीच्या नावाने नावारूपाला आलेल्या या मालाच्या कामगारांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला तो १९६६ मध्ये. म्हणजे बहिष्काराच्या घोषणेनंतर साठ वर्षांनी, आणि स्वराज्य मिळून एकोणीस वर्षे झाल्यावर! हा उशीर सहज माफ करण्यासारखा नाही.

महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. जंगलाचे गट पाडून लिलाव होऊ लागले. मालक बदलला होता, पान तोडणारा मजूर मजूरच राहिला. अण्यांच्या सत्याग्रहातील प्रश्नाला कायद्याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात मिळाले. त्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, लाख यांच्याबरोबर तेंदूपानाचेही नाव आहे. गडचिरोलीतील काही ग्रामसभा आज आपल्या हद्दीतील पान स्वतः विकतात.