टेरी फॉक्स यांची ‘आशेची मॅरेथॉन’ (१९८०) : सराव, लोकनिधी आणि वैद्यकीय संशोधन

प्रस्तावना

विसाव्या शतकातील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास प्रामुख्याने प्रयोगशाळा, शास्त्रज्ञ आणि शासकीय अनुदान यांच्या आधारे लिहिला गेला आहे. या संशोधनासाठी सामान्य नागरिकांनी उभा केलेला पैसा हा मात्र त्या इतिहासातील तुलनेने दुर्लक्षित विषय होय. अमेरिकेत १९३८ मध्ये स्थापन झालेल्या पोलिओविषयक राष्ट्रीय प्रतिष्ठानाने ‘मार्च ऑफ डाइम्स’ या मोहिमेद्वारे दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली. त्या निधीच्या पाठबळावर झालेल्या संशोधनातून सिद्ध झालेली साल्क यांची लस १९५५ मध्ये यशस्वी घोषित झाली. लहान देणगी आणि मोठे संशोधन यांचा संबंध जनमानसात रुजविणारी ही महत्त्वाची घटना होती. याच परंपरेत, परंतु वेगळ्या मार्गाने, कॅनडामध्ये १९८० साली टेरी फॉक्स या तरुणाने धावण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याचा विचार बहुधा एका वीराची गाथा म्हणून केला जातो. प्रस्तुत निबंधात त्या गाथेमागील पूर्वतयारी, संस्थात्मक व्यवहार आणि निधीसंकलनाची पद्धती यांचा परामर्श घेतला आहे.

आजार आणि संशोधनाची जाणीव

टेरी फॉक्स यांचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग येथे झाला व त्यांचे बालपण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी गेले. सायमन फ्रेझर विद्यापीठात शारीरिक हालचालींच्या शास्त्राचे शिक्षण घेत असताना मार्च १९७७ मध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्यात ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग आढळला. शस्त्रक्रिया करून त्यांचा पाय गुडघ्याच्या वरून काढण्यात आला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्यांना डिक ट्रॉम यांच्याविषयीचा लेख दिला. कृत्रिम पायाच्या साहाय्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले धावपटू होते.

यानंतर सुमारे सोळा महिने केमोथेरपी चालली. या काळात दोन गोष्टी फॉक्स यांच्या मनावर ठसल्या. पहिली म्हणजे रुग्णालयातील इतर रुग्णांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, यातना. दुसरी अधिक महत्त्वाची होती. त्यांच्या वाचण्याची शक्यता सुमारे ५० टक्के असून दोनच वर्षांपूर्वी ती केवळ १५ टक्के असती, असे त्यांना सांगण्यात आले होते. संशोधनामुळे आपले आयुष्य वाढले, ही जाणीव त्यांना या आकड्यांतून झाली. पुढील मोहिमेचा पैसा रुग्णसेवेसाठी अथवा अपंगांच्या साहाय्यासाठी नव्हे, तर संशोधनासाठीच वापरला जावा, हा त्यांचा आग्रह येथून निर्माण झाल्याचे दिसते.

सरावाचा कालखंड

उपचारांच्या काळात रिक हॅन्सन यांच्या निमंत्रणावरून फॉक्स चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉल खेळू लागले. फेब्रुवारी १९७९ पासून त्यांनी धावण्याचा सराव सुरू केला. त्या वेळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनविलेला होता, धावण्यासाठी नव्हे. त्यामुळे एका कृत्रिम पावलासाठी चांगल्या पायावर दोनदा उडी घ्यावी लागे. त्यांची ही विशिष्ट चाल पुढे सर्वपरिचित झाली. अशा धावण्याने मांडीच्या उरलेल्या भागावर फोड येत, कातडी सोलवटून रक्त येई. आरंभी अर्धा मैल धावणेही कष्टाचे होते. अंतर हळूहळू वाढवीत नेऊन चौदा महिन्यांत त्यांनी सुमारे ५,००० किलोमीटर सराव पूर्ण केला.

आपण मॅरेथॉनची तयारी करीत आहोत, एवढेच त्यांनी घरी सांगितले होते. सप्टेंबर १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज येथील शर्यतीत ते सर्वांत शेवटी पोहोचले; तथापि त्यांनी ती पूर्ण केली. त्यानंतरच संपूर्ण कॅनडा धावत ओलांडण्याचा खरा बेत त्यांनी आईवडिलांपुढे मांडला. आईने आरंभी तीव्र विरोध केला, परंतु नंतर संपूर्ण कुटुंब या कार्यात सहभागी झाले.

संस्थेचा संशय आणि अटी

१५ ऑक्टोबर १९७९ रोजी फॉक्स यांनी कॅनडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून आपला मनोदय कळविला. एका पायाने सुमारे ८,००० किलोमीटर धावू पाहणाऱ्या अनोळखी तरुणाविषयी संस्थेला शंका वाटणे स्वाभाविक होते. प्रायोजक मिळवावेत आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे, अशा अटी घालण्यात आल्या. तपासणीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची वाढ झाल्याचे आढळले. तरीही सावधगिरीच्या सूचनेसह परवानगी मिळाली. फोर्ड कंपनीने राहण्यासाठी व्हॅन दिली, इंपिरियल ऑइलने इंधन व आदिदासने बूट दिले. मात्र आपल्या मालाची जाहिरात करण्याची अट घालणाऱ्या कंपन्यांची मदत फॉक्स यांनी नाकारली. धावण्यातून कोणासही नफा मिळता कामा नये, हे तत्त्व त्यांनी प्रारंभापासूनच पाळले.

प्रत्यक्ष दौड आणि निधीचा ओघ

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे अटलांटिक महासागरात कृत्रिम पाय बुडवून त्यांनी दौड सुरू केली. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक पूर्ण मॅरेथॉन, हे त्यांचे उद्दिष्ट होते. मित्र डग अल्वर्ड व्हॅन चालवीत व जेवणाची व्यवस्था पाहत. थकवा, एकांत आणि निधीची चिंता यांमुळे दोघा मित्रांत इतका दुरावा आला की, आईवडिलांना हॅलिफॅक्स येथे येऊन समेट घडवावा लागला. पुढे धाकटा भाऊ डॅरेल सोबतीस आला. एकट्याच्या पराक्रमामागे इतरांचे किती श्रम असतात, हे या प्रसंगावरून लक्षात येते.

निधीचा ओघ सर्वत्र सारखा नव्हता. सुमारे १०,००० वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने १०,००० डॉलर दिले. माणशी एक डॉलर हे प्रमाण फॉक्स यांच्या मनात ठसले व दहा लाख डॉलरचे मूळ उद्दिष्ट वाढत जाऊन कॅनडाच्या प्रत्येक नागरिकामागे एक डॉलर असे झाले. याउलट क्वेबेक प्रांतात प्रसिद्धीच्या अभावी व भाषेच्या अडचणीमुळे फारच अल्प प्रतिसाद मिळाला. ऑन्टारिओत हे चित्र पालटले. फोर सीझन्स हॉटेलचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा मुलगा १९७८ मध्ये कर्करोगाने दगावला होता. त्यांनी प्रत्येक मैलामागे दोन डॉलर देण्याचे जाहीर केले व इतर ९९९ कंपन्यांना तसेच आवाहन केले. ११ जुलै रोजी टोरांटो येथे सुमारे १०,००० लोक जमले आणि एका दिवसात एक लाख डॉलर गोळा झाले.

दौडीचा अंत व त्यातील प्रश्न

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ छातीतील वेदना असह्य होऊन फॉक्स यांना थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले गेले होते व तोपर्यंत १७ लाख डॉलर जमले होते. आठवड्याभरात दूरचित्रवाणीवर झालेल्या निधीसंकलन कार्यक्रमातून एक कोटीहून अधिक डॉलर मिळाले. फेब्रुवारी १९८१ मध्ये हा निधी २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलरवर पोहोचला व माणशी एका डॉलरचे उद्दिष्ट साध्य झाले. २८ जून १९८१ रोजी, तेविसाव्या वाढदिवसास एक महिना असताना, त्यांचे निधन झाले.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. दौडीच्या काळात फॉक्स नियमित वैद्यकीय तपासणी टाळत असत. ज्या संशोधनावर त्यांची एवढी श्रद्धा होती, त्याच वैद्यकशास्त्राचा सल्ला स्वतःच्या बाबतीत त्यांनी पूर्णपणे स्वीकारला नाही. धावण्यामुळे आजार उलटला असे म्हणण्यास आधार नाही. हा कर्करोग फुप्फुसांत पसरण्याची प्रवृत्ती सर्वज्ञात आहे. तरीही आत्मक्लेशाचे गौरवीकरण करताना हा विरोधाभास दृष्टिआड करणे इतिहासलेखनास शोभणारे नाही.

वारसा

फॉक्स रुग्णालयात असतानाच शार्प यांनी तार पाठवून त्यांच्या नावे दरवर्षी दौड भरविण्याचे सुचविले होते. १३ सप्टेंबर १९८१ रोजी झालेल्या पहिल्या दौडीत सुमारे तीन लाख लोक सहभागी झाले व ३५ लाख डॉलर जमले. या दौडीत स्पर्धा नाही, विजेते नाहीत, पारितोषिके नाहीत. १९८८ पासून टेरी फॉक्स प्रतिष्ठान स्वतंत्रपणे कार्य करू लागले व २००७ मध्ये टेरी फॉक्स संशोधन संस्था स्थापन झाली. आजवर संकलित झालेली रक्कम ८५ कोटी डॉलरहून अधिक आहे. अनेक देशांत ही दौड होत आली असून मुंबई व चेन्नई ही भारतातील शहरेही त्यात आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही स्वयंसेवी संस्थांसाठी निधीसंकलन होते. मात्र तेथे स्पर्धा, बक्षिसे व प्रायोजक यांना स्थान आहे. निधीसंकलनाच्या या दोन भिन्न पद्धती तुलनात्मक अभ्यासास पात्र आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, ‘आशेची मॅरेथॉन’ ही केवळ भावनेच्या भरात घडलेली घटना नव्हती. चौदा महिन्यांचा सराव, संस्थेच्या अटींची पूर्तता, जाहिरातीस दिलेला नकार आणि माणशी एक डॉलर हे सर्वांना समजणारे माप यांवर ती उभी होती. ऑस्टिओसार्कोमाच्या बहुसंख्य रुग्णांचा पाय आज शस्त्रक्रियेत वाचविता येतो. ही प्रगती अनेक देशांतील अनेक संशोधकांची असून तिचे श्रेय एका मोहिमेस देता येणार नाही. परंतु असे संशोधन दीर्घकाळ चालावे यासाठी समाजाने दरवर्षी थोडे थोडे देत राहावे लागते. फॉक्स यांनी पुतळ्याची नव्हे, संशोधनासाठी पैशाची मागणी केली होती. त्यांचे स्मरण करणाऱ्या प्रत्येक समाजाने ती मागणी कितपत पूर्ण केली, याच निकषावर या वारशाचे मूल्यमापन होणे उचित ठरेल.